डबल क्लचचा धवला

नेऱ्याच्या हौसाबायने सत्तराव्या वर्षी गाडी दुरुस्तीला काढली, तेव्हा घरच्यांनी आधी हसून घेतलं आणि मग तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी रक्तदाब तपासला, तो चांगला निघाला. डोळे तपासले, मोतीबिंदू दोन वर्षांपूर्वीच काढलेला होता. डोकं तपासायची सोय त्या दवाखान्यात नव्हती, त्यामुळे तो विषय तिथेच राहिला.

गाडी म्हणजे पिकअप. पुढून जीप, मागे उघडा हौदा, चौऱ्याहत्तर सालचं मॉडेल. हौसाबायच्या नवऱ्याने, काशिरामने, ती वापरलेलीच घेतली होती, त्यामुळे घरात आली तेव्हाही तिला कुणी नवी म्हटलं नव्हतं. गेली आठ वर्षं ती गोठ्यामागच्या आंब्याखाली उभी होती. गोठ्यात आता गुरं नव्हती आणि गाडीत कोंबड्या होत्या. ड्रायव्हरच्या सीटवर एक लाल कोंबडी अंडी घालायची आणि दार उघडणाऱ्याच्या अंगावर धावून जायची. मुलगा केतन जमिनीच्या व्यवहारात बऱ्यापैकी वर आलेला. त्याने दोनदा भंगारवाला आणला. दोन्ही वेळा हौसाबाय कमरेवर हात ठेवून आंब्याखाली उभी राहिली आणि भंगारवाला चहा पिऊन परत गेला.

"आये, ठेवून करायचंय काय तिचं?" केतन म्हणायचा.

"तुजं काय खाते ती?" हौसाबाय म्हणायची. आणि गाडी खरोखरच काही खात नव्हती.

पण नुसती ठेवून घेणं वेगळं आणि ती चालू करायला निघणं वेगळं. दिवाळी झाली आणि तिने एकदम जाहीर केलं की गाडी वैशाखाच्या आत रस्त्यावर आली पाहिजे आणि चालवणार ती स्वतः. का, ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचा सगळा घोटाळा टळला असता. पण कमीपणाची गोष्ट चारचौघांत बोलून दाखवायची, हे तिच्या स्वभावात कधी नव्हतं आणि सत्तरीत स्वभाव बदलायला कोण बसतं.

कारण असं होतं. हौसाबाय ही धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात मांडव पडल्यापासून नवरी निघेपर्यंत जे जे विधी होतात, ते या बाईच्या गाण्यावर चालतात. तिची गाणी म्हणजे धवले. ते कुठे लिहिलेले नसतात. एका बाईच्या तोंडून दुसरीच्या कानात जातात आणि तिथे राहिले तर राहतात. हौसाबायला ते सासूकडून आले. सासू चंद्रावती ही नेऱ्यापासून उरणपर्यंत नावाजलेली धवलारीण होती आणि तिचा सगळ्यात मोठा धवला म्हणजे आवतणाचा. मांडवाच्या दिवशी नेऱ्यापासून उरणपलीकडच्या मोऱ्याच्या जेट्टीपर्यंतच्या बावीस गावांच्या देवांना एकेकाचं नाव घेऊन लग्नाला बोलवायचं. गाव कुठलं, देव कुठे बसलाय, त्याच्या दारात झाड कुठलं, त्याने येताना कुठल्या वाटेने यायचं, सगळं त्या दोन-चार ओळींत. क्रम चुकवायचा नाही आणि कुणाला वगळायचं तर मुळीच नाही. राहिलेला देव रुसतो, असं चंद्रावती सांगायची. ती स्वतःही रुसण्यात काही कमी नव्हती, तेव्हा तिला त्यातलं कळत असणार.

अलीकडे आवतणाचा धवला पुरता कुणी म्हणू देत नव्हतं. डीजेवाला ताटकळायचा, फोटोवाला घड्याळ दाखवायचा, यजमान येऊन हळूच सांगायचे, मावशी, पाच मिनिटांत आटपा. हौसाबाय पाच गावं घेऊन बाकीच्यांना एकत्र नमस्कार घालायची. असं करता करता किती वर्षं गेली, तिला कळलं नाही.

मग दिवाळीच्या आधी मितालीचं लग्न ठरलं. मिताली म्हणजे केतनची मुलगी, बेलापूरला ऑफिसात जाणारी, आजीची लाडकी. नवरा कोन गावचा. सगळं ठरून पेढे वाटल्यावर ती आजीच्या मांडीला टेकून म्हणाली, "आजी, माझ्या लग्नात शॉर्टकट नको हां. बावीसच्या बावीस गावं. मी डीजेवाल्याला आधीच सांगून ठेवलंय."

"मंग काय, पुराच म्हननार," हौसाबाय म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नाही असं बघून ती परसात बसली आणि म्हणायला लागली. नेरे आलं. पुढची चार गावं आली. सहाव्या गावाला जीभ अडली. तिने पुन्हा पहिल्यापासून धरलं, पुन्हा सहाव्यालाच अडली. चार दिवस रोज दुपारी ती परसात बसत राहिली. कधी बारावं गाव आधी यायचं, कधी दोन गावांचे देव एकमेकांच्या देवळात जाऊन बसायचे. पाचव्या दिवशी ती विहिरीच्या कठड्यावर बसून रडली. ज्या धवल्याने तिला माणसांत मान दिला, तो नातीच्याच लग्नात तिला दगा देणार होता आणि हे सांगायचं कुणाला?

तिने केतनला म्हटलं, मना जरा मोऱ्यापर्यंत फिरवून आन. वाटेवर गावं दिसली तर आठवतील, असा तिचा हिशेब. केतनने बिचाऱ्याने एका रविवारी नेलंही. पण त्याची गाडी मोठ्या रस्त्याने गेली, काचा बंद, आत गारवा, आणि गावं कुठल्या कुठे पुलाखाली राहिली. तासाभरात मोऱ्याची जेट्टी आली. केतनने तिला बोंबील घेऊन दिले आणि ती घरी आली. एक ओळ आठवली नाही. बोंबील मात्र चांगले होते.

त्या रात्री नाही, त्यानंतर चार-पाच दिवसांनी भाकऱ्या थापताना तिला उमगलं. परातीशी बसल्या बसल्या तिचा डावा पाय आपोआप हलत होता. दाबला, सोडला, पुन्हा दाबला. आणि तोंडात सहावं गाव आलं होतं.

हे समजायला थोडं मागे गेलं पाहिजे. एक्क्याऐंशी साली काशिराम पेंढ्याच्या उडवीवरून पडला आणि त्याचा उजवा हात मोडला. ऐन पेंढ्याचा हंगाम. उरणकडच्या तबेल्यांना पेंढा पोचवायचा, येताना मोऱ्याहून सुकी मासळी आणायची, यावर घर चालायचं. दुसरा ड्रायव्हर ठेवण्याची ऐपत नव्हती. काशिरामने बायकोला कापणी झालेल्या शेतात गाडीवर बसवलं आणि गळ्यात हात अडकवून शेजारून ओरडत शिकवलं. दहा दिवसांत तीन बांध आणि एक कुंपण मोडून हौसा गाडी शिकली. गुडघ्यापर्यंत लुगडं, कपाळाला आडवं कुंकू आणि हातात एवढं मोठं स्टिअरिंग. पनवेलच्या नाक्यावर लोक हातातलं काम टाकून बघायचे. काशिरामचा हात पुढे बरा झाला, पण त्याने ती सीट परत मागितली नाही. तो म्हणाला, तू माज्यापेक्षा बरी चालवतेस, मी माल भरतो. ही गोष्ट हौसाबाय आयुष्यभर सांगत आली आणि दर वेळी सांगताना तिचा आवाज मऊ व्हायचा. असा नवरा त्या काळात नेऱ्यात दुसरा नव्हता आणि ते तिला चांगलं माहीत होतं.

पण सून एकटी एवढ्या लांब जाणार म्हटल्यावर राखणीला कुणीतरी हवं. म्हणून चंद्रावती डावीकडे येऊन बसली. घरात सासूच्या बरोबरीने बसायची सोय नव्हती, गाडीत दुसरी जागाच नव्हती. सुरुवातीला सासू नुसतीच समोर बघायची. मग एक दिवस कंटाळून तिने आवतण धरलं आणि जे गाव यायचं त्याचा धवला म्हणायला लागली. मागून सून. पेंढ्याचे दोन हंगाम संपले तेव्हा सुनेला बावीस गावं पाठ झाली होती.

आता त्या गाडीचा गिअर. तीनच गिअर आणि तेही मानी. घाटीला किंवा वळणाला खालचा गिअर टाकायचा तर क्लच एकदा दाबून चालायचं नाही. दाबायचा, गिअर मोकळा करायचा, क्लच सोडायचा, पुन्हा दाबायचा आणि मग टाकायचा. डबल क्लच. नाही केला तर आतून असा आवाज यायचा की चंद्रावती देवाचं नाव अर्धवट टाकून काशिरामच्या सात पिढ्यांचं घ्यायची. गावांच्या वेशीवर वळण असायचंच. म्हणून प्रत्येक धवल्याची पहिली ओळ गिअर मोकळा व्हायच्या आधी आणि दुसरी क्लच पुन्हा दाबल्यावर. मधल्या क्षणी सासू श्वास घ्यायची. हौसाबायला धवला कानाने आला, असं लोक समजायचे. खरं म्हणजे तो तिच्या डाव्या पायात जाऊन बसला होता.

म्हणून ती भगवानकडे गेली.

भगवानचं गॅरेज पनवेलमध्ये जुन्या रस्त्याला, पत्र्याची शेड आणि पुढे दोन बदामाची झाडं. साठीचा माणूस, बोलायला कमी, हात काळे आणि दात पांढरे. तो मूळचा तळखारचा. तळखार हे खाडीकाठचं छोटं गाव विमानतळाच्या कामात उठलं आणि लोक पांगले, कुणी करंजाड्याला बिल्डिंगीत, कुणी कळंबोलीला. भगवानचं घर हललं तेव्हा चार टेंपोवाल्यांनी चिखलाचा रस्ता बघून नाही म्हटलं होतं. हौसाबायने आपली पिकअप आत घातली आणि तीन खेपांत सगळं घर बाहेर काढलं, पाट्यावरवंट्यापासून दाराच्या चौकटीपर्यंत. शेवटच्या खेपेला भगवानची म्हातारी आई डावीकडच्या सीटवर बसून आली. त्यानंतर महिन्याभरात काशिराम गेला आणि गाडी आंब्याखाली लागली ती लागलीच.

"वयनी, जुनी गाडी म्हंजे लय येळ खानार," भगवान म्हणाला.

"वैशाखापर्यंत येळ हाय."

"इंजिन उघडायला लागंल. चॅसी बघायला लागंल. आतमधी कोंबड्या हायेत म्हनं."

"कोंबड्या मी काडते. बाकीचा तू बग. आतलं काय बदलायचं ते बदल, मना चालवता आली पायजे, बस."

हे शेवटचं वाक्य तिने सहज टाकलं आणि तिथेच घोटाळा झाला.

भगवानने चालू कामं मुलांवर सोपवली आणि तो या गाडीला चिकटला. आधी ती पूर्ण सुटी केली. चॅसी दोन ठिकाणी खाऱ्या हवेने खाल्ली होती, तिथे नवीन पट्टी घालून वेल्डिंग केलं. इंजिन खाली घेतलं, पिस्टन आणि लाइनर नवे टाकले. हौद्याच्या लाकडी फळ्या कुजल्या होत्या, त्या तशाच मापाने सागाच्या करून घेतल्या. पत्रा ठोकून सरळ केला आणि मूळचा रंग कुठला हे कळावं म्हणून डॅशबोर्डच्या मागे, जिथे ऊन पोचलं नव्हतं, तिथे खरवडून बघितलं. फिकट निळा निघाला. तोच मारला. हौसाबाय दर आठ दिवसांनी रिक्षा करून यायची, येताना वालाच्या शेंगा नाहीतर तांदळाची भाकरी-सुकट घेऊन यायची आणि स्टुलावर बसून बघायची. भगवानला तिच्यासमोर काम करताना परीक्षेला बसल्यासारखं व्हायचं आणि आवडायचंही.

जुनं जपायचं ते त्याने जपलं. पण बाई सत्तरीची, गुडघे दुखतात, हे त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. म्हणून त्याने ब्रेक नवीन धर्तीचे लावले. स्टिअरिंग एका बोटाने फिरेल असं पावरचं केलं. जुन्या दिव्यांच्या खोबणीत नवे दिवे, सीटला पट्टा, सीट पुढेमागे आणि वरखाली होणारी. आणि सगळ्यात शेवटी, तिला न सांगता, त्याने तो मानी गिअरबॉक्स काढला आणि नवा पाच गिअरचा टाकला. जुळवायला त्याला सतरा दिवस लागले, ब्रॅकेट स्वतः घडवावे लागले. जुना माल फेकला नाही, कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळून ठेवला. आपल्या घराची चौकट जिने चिखलातून काढली तिच्या गुडघ्याला आता त्रास नको, एवढाच त्याचा विचार. उपकार फेडायची माणसं अशी घाई करतात, त्याला काय करणार. कागदपत्रं आणि पासिंगचं केतनने बघितलं. आईचं लायसन नव्याने करून आणलं तेव्हा फोटोतली हौसाबाय एखाद्या फौजदारासारखी दिसत होती.

लग्नाला नऊ दिवस उरले असताना सकाळी सात वाजता भगवान गाडी घेऊन नेऱ्याला आला. निळी, स्वच्छ, आंब्याखाली होती ती हीच का, असं वाटावं. हौसाबायने बॉनेटवर हात फिरवला, हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. मग भगवानकडे एकदा बघितलं आणि पदराने आरसा पुसला. मिताली रजा काढून घरी होती, ती डावीकडे बसली. भगवान मागे हौद्यात उभा राहिला, कुठे काही वाजतंय का ऐकायला.

"कुठं जायचं आजी?"

"मोऱ्याला. जुन्या वाटेनं."

गाडी निघाली. आठ वर्षांनी हात लागला तरी हौसाबायचा हात बसलेलाच होता. पहिलं वळण आलं, तिने गिअर टाकला, तो लोण्यात सुरी जावी तसा गेला. दुसरं वळण आलं, तसाच गेला. पाचवं गाव मागे पडलं. गाडी छान चालत होती आणि हौसाबायचं तोंड बंद होतं. पायाला काही कामच उरलं नव्हतं.

भगवानने मागून डोकं खाली घालून विचारलं, "कसा हाय नवा गिअर, वयनी? सतरा दिस लागले जुळवायला. आवाज तरी येतो का?"

"नाय येत," हौसाबाय म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

भगवानला वाटलं, आनंदाने आलं. पण मिताली जवळ बसली होती. "आजी, गाडी बाजूला घे," ती म्हणाली. "काय झालंय ते सांग."

पनवेलच्या अलीकडे एका चिंचेखाली गाडी उभी राहिली आणि हौसाबायने सहा महिने पोटात ठेवलेली गोष्ट दोघांना सांगितली. धवला विसरला, तो पायात आहे, पायाला डबल क्लच लागतो, म्हणून गाडी. सांगताना ती रस्त्याकडे बघत होती. मितालीने तिचा हात धरला. भगवान हौद्यातून उतरून खिडकीपाशी आला होता, त्याचा चेहरा पडला.

"मी काय करून बसलू हे," तो म्हणाला. "जुना गिअर ठेवलाय मी, वयनी. चार दिवस द्या. रातचा दिस करून परत लावतो."

"सतरा दिवस लागले बोललास तुला."

"तरी लावतो."

हौसाबायने त्याच्याकडे बघितलं. साठ वर्षांचा माणूस, शाळेत छडी खायला उभं राहिल्यासारखा उभा होता. तिला स्वतःचीच लाज वाटली. मानापायी आपण याला कारण सांगितलं नाही आणि याने आपल्या गुडघ्यासाठी सतरा दिवस घातले. "चढ वर," ती म्हणाली. "तुज्या गिअरला नको असंल डबल क्लच. मना पायजे तर मी मारीन. कोन अडवतंय?"

आणि तिने तसंच केलं. गाडी परत नेऱ्याला वळवली आणि पहिल्यापासून निघाली. वळण आलं की क्लच दाबायचा, गिअर मोकळा करायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. नव्या गिअरला त्याची काडीची गरज नव्हती, पण त्याने तक्रारही केली नाही. नेऱ्याचा देव आला. दुसरं गाव आलं. सहावं आलं, आणि हौसाबाय एवढी मोठ्याने म्हणाली की शेजारून जाणारा मोटरसायकलवाला दचकला. सातवं, आठवं. वळणं आता पूर्वीसारखी नव्हती, कुठे पूल, कुठे गोल चक्कर, कुठे देवळाभोवती टॉवर. पण वेस कुठे होती ते तिला ठाऊक होतं आणि तिथे ती क्लच दाबत होती. मिताली मोबाइलवर रेकॉर्ड करत होती आणि मागून ओळ धरत होती, थोडी बेसूर. हौसाबायला त्या घडीला एवढं बरं वाटत होतं की तिने सासूची, नवऱ्याची, गाडीची आणि मागे उभ्या असलेल्या त्या काळ्या हाताच्या माणसाची मनातल्या मनात दृष्ट काढली.

तेरा गावं झाली आणि चौदाव्याला रस्ता संपला. पुढे उंच भिंत, वर काटेरी तार, पलीकडे विमानतळाचा सपाट माळ. इथून आत तळखार होतं.

हौसाबायने क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. काही आलं नाही. तिने गाडी मागे घेऊन परत केलं. मग तिच्या लक्षात आलं आणि तिने इंजिनच बंद केलं. तळखारला गाडी थांबायची. रेडिएटरमध्ये पाणी घालायला तिथल्या विहिरीपाशी दर खेपेला उतरायचं. सासू तळखारचा धवला विहिरीच्या काठावर बसून म्हणायची, गाडी गप्प असताना. पायाला तो माहीतच नव्हता.

"भगवान," तिने हाक मारली. "तुमच्या गावदेवीचं नाव काय रं?"

भगवान खाली उतरून भिंतीकडे बघत होता. "नाव नव्हतं तिला. शेंदराचा दगड होता, खारबांधावर. आमची आय तिला बांधावरची बोलायची. भरती आली का बांध राखते, म्हून."

"झाड?"

"झाड कसलं, खारी जमीन. पन इहीर गोड होती. समद्या खाऱ्यात तेवडंच गोड पानी. तुमी भरलंय की."

"भरलंय," हौसाबाय म्हणाली.

धवल्यात आपल्या पदरचा शब्द घालायचा नाही, हे तिला सासूने पहिल्याच दिवशी बजावलं होतं आणि पंचेचाळीस वर्षांत तिने एक अक्षर घातलं नव्हतं. आता सासू शेजारी नव्हती, मिताली होती. वगळलं तर एक देवी राहते, घातलं तर सासूचा शब्द मोडतो. हौसाबायला भीती वाटली, खरी भीती, मोठ्या माणसाला विचारल्याशिवाय त्याची पेटी उघडताना वाटते तशी. मग ती हळू आवाजात, चाचपडत म्हणाली,

"तळखारचे बाये, खाऱ्या रानी तुजं गोड पानी,
बांध सोडून ये गो बाये, मितालीच्या मांडवानी."

मितालीने ते लगेच मागून म्हटलं. भगवान हौद्याच्या फळीवर हात ठेवून उभा होता. थोड्या वेळाने तो मागे चढला. उरलेली आठ गावं मोऱ्यापर्यंत घडाघडा आली.

मांडवाच्या दिवशी सकाळी मांडवाला लावायची उंबराची फांदी पिकअपच्या हौद्यातून आली आणि गाडी मांडवाच्या बाजूलाच उभी राहिली. लग्नाला माणूस मावत नव्हतं. केतनने सगळीकडे आमंत्रणं केली होती, व्यवहारातले, नात्यातले, ओळखीतले. डीजेवाला मितालीच्या धाकाने हात बांधून बसला होता. हौसाबाय दोन जोडीदारणींना घेऊन पाटाशेजारी बसली. खाली बसल्या बसल्या तिचा डावा पाय लुगड्याखाली हलत होता आणि ते फक्त मितालीला आणि भगवानला कळत होतं.

तिने आवतण धरलं. चंद्रावतीच्या काळची एक रीत होती, ती जुन्या माणसांना आपोआप आठवली. ज्या गावाचं नाव येईल, त्या गावची जी माणसं मांडवात असतील त्यांनी उठून उभं राहायचं, देवाच्या वतीने, आणि पुढच्या गावाचं नाव आलं की बसायचं. नेरे म्हटल्यावर अर्धा मांडव उठला. पुढच्या गावाला दहा-बारा माणसं उठली, त्याच्या पुढच्याला एकच म्हातारा, पण तो काठी टेकून असा उभा राहिला की बघत राहावं. पोरांना गंमत वाटायला लागली, आपलं गाव कधी येतंय म्हणून ती खुर्चीच्या कडेवर येऊन बसली.

चौदावं गाव आलं. हौसाबायने श्वास घेतला आणि तळखारच्या बाईला हाक दिली.

तिसऱ्या रांगेतून भगवान उठला. इस्त्रीचा शर्ट, मान खाली. तळखारचं नाव कुठल्याही मांडवात घेतलं जाऊन आठ वर्षं झाली होती आणि उठणारा आपण एकटाच, याचा त्याला संकोच वाटत होता. मग डावीकडे खुर्ची सरकली. करंजाड्याच्या बिल्डिंगीत राहणारी एक म्हातारी सुनेचा हात धरून उठली. मागच्या रांगेतून केतनच्या ओळखीचा बँकेतला माणूस उठला, तो तळखारचा हे केतनलाही माहीत नव्हतं. वाढप्यांपैकी एकजण हातातलं भांडं खाली ठेवून उभा राहिला. दोन बहिणी उठल्या. असे अकरा-बारा जण मांडवात ठिकठिकाणी उभे राहिले आणि एकमेकांकडे बघायला लागले. भगवानने मान वर केली. म्हातारीने त्याला ओळखलं आणि तोंडावर पदर घेतला. वाढपी हात जोडून उभा होता आणि रडत होता.

भगवानला आपण काय द्यावं हे हौसाबायला गेले सहा महिने सुचलं नव्हतं. भाकरी-सुकट दिली, शेंगा दिल्या, त्याने काय होतंय. आता समोर तळखारची माणसं उभी बघून तिला ते सुचलं. रितीप्रमाणे तिने पुढच्या गावाचं नाव घ्यायचं आणि या माणसांनी खाली बसायचं. हौसाबायने पुढच्या गावाचं नाव घेतलं नाही. तिने तळखारचं आवतण पुन्हा पहिल्यापासून धरलं, आणि ते संपल्यावर पुन्हा.